चोपन्न मिलिमीटर

लिहायचं लिओमिन्स्टर, म्हणायचं लेमस्टर.
हे कळायलाच मला एक हिवाळा लागला.
ऑडलींच्या दुकानामागच्या खोलीत
खिडकी उत्तरेला आहे, म्हणून उजेड खोटं बोलत नाही.
टेबलावर, बाटल्यांच्या बुचांवर चिकटवलेले
बारा शिपाई, शिशाचे, अजून राखाडी,
अजून कुठल्याच देशाचे नाहीत.

देश रंगाने येतो.
डब्यांवर ऑडलींच्या वडिलांचं तिरकं अक्षर:
फ्रेंच गाल. प्रशियन गाल,
तोच गुलाबी, निळ्याचा एक थेंब जास्त.
आणि सगळ्यात मोठा डबा, हिंदी कातडी.
पेशावरपासून मद्रासपर्यंत
एकदाच ढवळायचं.

साचेही ठरलेले.
फ्रेंच माणूस हात वर करून ओरडतोय,
प्रशियन पट्टी गिळल्यासारखा ताठ,
आपला मात्र एका गुडघ्यावर,
नेम धरलाय की मुजरा करतोय, सांगता येत नाही.

रविवारी कॉर्न एक्स्चेंजच्या हॉलमध्ये बाजार भरतो.
गळ्यात भिंग अडकवलेल्या एकाने
माझा भालाईत उचलला, उलटा केला, सुलटा केला.
"हे रशियन काम.
एवढा धीर त्यांच्याकडेच, हिवाळे लांब ना.
इटालियन चेहरा सुंदर काढतो आणि बूट विसरतो,
जर्मन बटणं मोजतो, चिनी खोकी मोजतो."
"आणि भारतीय?" मी विचारलं.
त्याने विचार केला, अगदी प्रामाणिकपणे.
"तुमचे लोक कम्प्युटरमध्ये फार हुशार."
मी बिल केलं.
नखाखाली हिंदी कातडी वाळली होती.

सावंतवाडीत बाबा लाकडी फळं रंगवायचे.
देठाजवळचा हिरवा पिवळ्यात कसा विरतो
ते अंगठ्याने दाखवायचे.
खारीच्या केसांचा कुंचला, आणि एकच नियम:
श्वास सोडून झाला की रेघ ओढ, मध्येच नको.
ती रेघ मी अजून ओढते,
परक्या पलटणींच्या काजांवर.

बाबांचा एक साहेबही होता.
वीतभर, टोपीवाला, हातात छडी,
नाकावर हिंगूळ.
शेकड्याने जायचे साहेब, नाक सगळ्यांचं तेच.
जत्रेत पोरं त्यांना ओळीत मांडून
गोट्यांनी पाडायची. मीही.
बाबांनी साहेब कधी जवळून पाहिला होता का,
विचारायचं राहिलं.
आंबा मात्र ते
दर वेळी नवा समोर ठेवून रंगवायचे.

या शरदात बारा शिपायांची ऑर्डर आली
आणि मी तो मोठा डबा उघडलाच नाही.
बशीत थोडं थोडं कालवत गेले.
एकाच्या गालावर देवीचे व्रण, सुईच्या टोकाने.
एकाची मिशी पिकलेली, दुसऱ्याला फुटायची होती.
एक रात्रभर जागा.
एक कसल्यातरी आठवणीने हसू दाबतोय,
मसुराएवढ्या तोंडात जेवढं मावेल तेवढं.

खोकं हेरफर्डहून परत आलं.
सोबत चिठ्ठी: हात अप्रतिम,
पण चेहरे जुळत नाहीत.
पलटण पलटणीसारखी दिसायला हवी.

ऑडलींनी किटली चढवली, काही बोलले नाहीत.
मग भिंग लावून बराच वेळ बाराही जण पाहिले.
"हा व्रणांचा. नाव आहे याला?"
"मला माहीत नाही," म्हटलं, "पण असणार."

चहा निवला.
त्यांनी पुढचं खोकं सरकवलं,
इंग्रज कप्तान, सहा नग,
वडिलांच्या साच्यातला, छाती पुढे काढलेला.
बशी धुतली, कुंचला ओठांत ओला केला.
"जरा इकडे वळा," मी त्यांना म्हटलं,
"नाकावर उजेड येऊ दे."

लाल होतं थोडंसं, नाही कसं म्हणू.
पण हिंगूळ नव्हता तो.
कडेला जांभळी शीर, शेंड्यावर थंडीची चमक,
आणि चष्म्याने पाडलेली एक जुनी खाच,
जिच्यासाठी माझ्याकडे
कुठलाच तयार रंग नव्हता.